वस्तीतली दारू आणि सरकारची तिजोरी

‘दलित वस्ती म्हणजे दारू’ हे समीकरण आम्ही व्यसनमुक्तीचे काम करताना नेहमी ऐकतो. सवर्णांकडून ऐकतो, तसेच आपल्यातल्या शिकून पुढे गेलेल्यांकडूनही ऐकतो. जणू दारू हा जातीचा स्वभावच! इतिहास काय सांगतो ते पाहू.

1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे यावर सरकारने पकड घट्ट केली. 1892 मध्ये ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरही कायद्याने बंधन आले. घरची मोहाची गुन्हा ठरली, परवान्याच्या गुत्त्यावरची मात्र कायदेशीर! गिऱ्हाईक जितके जास्त पिणार, तितका महसूल वाढणार. गरिबाच्या मजुरीतून तिजोरी भरण्याची ही व्यवस्था होती. 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी वाढत्या दारू दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती याच काळात.

12 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या व्यवस्थेचा हिशेबच मांडला. 1923-24 मध्ये सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करत होते आणि आबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करत होते. जेवढे दारूतून घेता, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर आठच दिवसांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

पण बाबासाहेब सरकारला जाब विचारून थांबले नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. म्हणजे सरकारकडे हिशेब मागायचा आणि स्वतःलाही शिस्त लावायची, दोन्ही एकाच वेळी.

आज आपण यातले काय करतो? जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणारा पोरगा आपलाच असतो. त्याला हाकलून प्रश्न सुटत नाही, आणि ‘व्यवस्थेचा बळी’ म्हणून त्याला मोकळे सोडणे हीसुद्धा फसवणूकच आहे. त्याच्या आईची मजुरी गुत्त्यावर जाते आणि बहिणीची शाळा सुटते, हे आम्ही रोज पाहतो.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. आपल्या वस्तीजवळ दारूची दुकाने किती आणि अभ्यासिका किती, हे एकदा मोजा. तो आकडा घेऊन नगरसेवकाच्या दारात जा. पण जाताना स्वतः प्रतिज्ञा पाळून जा.

जयभीम!