नीरेकाठची घोंगडी

पुण्याहून साताऱ्यास जाणारा रस्ता कात्रजचा डोंगर ओलांडून व नसरापूर मागे टाकून नीरा नदीकडे निघतो, त्या वाटेवर किकवी हे भोर तालुक्यातील गाव लागते. नदीपलीकडे शिरवळ, पश्चिमेस १९४८ पर्यंत पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी असलेले भोर, आणि त्याही पलीकडे कोकणात उतरणारा वरंध घाट. फलटण-माणकडील अवर्षणाचे माळ आणि मुसळधार पावसाचे मावळ यांच्या मधल्या या पट्ट्याचा इतिहास आपण किल्ल्यांच्या व सनदांच्या आधारे लिहीत आलो. परंतु ज्या काळ्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन येथील गुराख्याने व मेंढपाळाने शेकडो पावसाळे काढले, तिचा इतिहास दरबारी दप्तरांपेक्षा मेंढरांच्या वाटांवरच अधिक शोधावा लागतो.

दिवाळीनंतर माळावरचे गवत सरले की पूर्वेकडील धनगर आपल्या मेंढरांचे वाडे घेऊन पश्चिमेकडे सरकत, आणि मृगाच्या सुमारास, ओल्या जमिनीत मेंढरांचे खूर कुजण्यापूर्वी, परतीची वाट धरीत. वाटेतल्या गावी मोकळ्या शेतात मेंढरे रात्री बसवावयाची आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धान्य द्यावयाचे, ही वहिवाट लेखी कराराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली.

दख्खनी मेंढीची लोकर राठ व केसाळ असते, आणि वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढरामागे ती जेमतेम अर्धा किलो भरते. ती पिंजल्यावर तिचे सूत धनगर स्त्रिया काढीत आणि विणकाम सनगर किंवा खुटेकर धनगर खड्ड्याच्या मागावर करीत. या कामातील खरी विद्या मला चिंचोक्याच्या खळीत दिसते: केसाळ सूत मागावर एकमेकांत गुंतू नये म्हणून चिंचोके कुटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने ताण्यावर बसवावयाची, ती वाळून सूत ताठ झाले म्हणजे वीण घट्ट ठोकावयाची, आणि पुढे धुण्यात खळ निघून गेली की लोकर आटून वस्त्र अधिकच दाट व्हावयाचे. रंग मेंढीचाच, काळा किंवा करडा. अशा वस्त्रावर खंडोबाच्या जागरणाची मांडणी व्हावी व बिरोबाच्या भक्तांनी ते खांद्यावर मिरवावे, यात नवल नाही.

पेशवाईत कारागिरांकडून मोहतर्फा हा कर घेतला जाई, तरी माग चालू राहिले. पुढे गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनी गिऱ्हाईक नेले, आणि त्याहूनही खोल घाव मेंढीच्या अंगावरच बसला. लोकरीचे मोल कातरणीच्या मजुरीइतकेही येईना व मटणाचा भाव चढत गेला, तेव्हा मेंढपाळाने आपल्या कळपात जत तालुक्यातील माडग्याळसारखी, भरदार पण फारशी लोकर न देणारी जात मिसळली. प्रपंच चालविणाऱ्या माणसाला याचा दोष कोण देईल? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ सिद्ध केली, हे विज्ञानाचे मोठे यश होय, आणि त्यात मेंढपाळाचे हितही आहे. मात्र त्याचाही रोख मांसाकडेच आहे.

म्हणून आज घोंगडीच्या पुनरुज्जीवनाची जी खटपट चालली आहे, नव्या नमुन्यांच्या शाली, आसने, शहरांतील प्रदर्शने, तिचे मनापासून स्वागत करूनही मला असे आग्रहाने सांगावेसे वाटते की हा उद्योग मागापासून नव्हे, मेंढीपासून उभारावयास हवा. विणकराला प्रशिक्षण दिले आणि लोकर मात्र परप्रांतातून आणविली, तर वस्तू टिकेल, परंतु सूत काढणारी स्त्री व वाडा हाकणारा धनगर त्या व्यवहाराबाहेरच राहतील. कातरणीचा खर्च भागून चार पैसे उरतील असा लोकरीचा भाव मेंढपाळाच्या हाती प्रथम पडला पाहिजे, आणि महामार्गाच्या दोहो बाजूंस जमिनींचे भूखंड पडत असताना गायराने व मेंढरांच्या जुन्या वाटा गावांनी आपल्या नकाशावर राखल्या पाहिजेत. किकवीसारख्या गावांच्या ग्रामसभांना हे काम आजच हाती घेता येईल.