वाऱ्यावरचे दिवे

आमच्या घराच्या माळ्यावर एक पितळी गॅसबत्ती पडून आहे. टाकीला पोचे आले आहेत, वरची टोपी गंजली आहे, काच तर केव्हाच गेली. माझे आजोबा – आम्ही त्यांना आबा म्हणत असू – पंचगंगेकाठच्या आमच्या गावी अशा बारा बत्त्या बाळगून होते. लग्नाची वरात, भजनी सप्ताह, उरूस आणि चैत्रातली जत्रा यांसाठी त्या भाड्याने जात. मात्र बत्तीबरोबर माणूस घ्यावाच लागे. नुसती बत्ती आबांनी सख्ख्या भावालाही दिली नाही. लहानपणी मला हा म्हाताऱ्याचा हेका वाटे. पुढे उघड्यावरच्या खेळांच्या उजेडाचा इतिहास मी हौसेने धुंडाळू लागलो, तेव्हा त्या हेक्यामागे दोन-तीन शतकांची रीत उभी आहे हे ध्यानात आले. त्याआधीच ते एका पोराच्या जिवावर बेतून मला कळायला हवे होते. पण त्याची हकीगत पुढे येईलच.

आमच्या नाटकाच्या इतिहासात गाणाऱ्यांची नावे आहेत, लिहिणाऱ्यांची आहेत, आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आमच्या कोल्हापूरच्या भावांमुळे पडदे रंगवणाऱ्यांचीही आहेत. दिवा धरणाऱ्याचे नाव मात्र मला कुठे सापडत नाही. वास्तविक तमाशा, गोंधळ, भेदिक, दशावतार हे सारे रात्रीचे खेळ. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला करमणुकीला सवड मिळायची ती रात्रीच. म्हणजे उजेड नसेल तर खेळच नाही.

हा उजेड कित्येक पिढ्या दिवटीचा होता. काठीच्या टोकाला चिंध्या आवळून बांधायच्या, त्या करंजेलात बुडवायच्या आणि पेटवायच्या. डाव्या हातात दिवटी, उजव्या हातात तेलाची बुधली. गावोगावी मशाल धरण्याचे काम बलुत्यातल्या न्हाव्याकडे असे. दिवटीचा उजेड चार पावलांपलीकडे धड पोचत नाही. म्हणून नट पुढे सरकला की दिवटीवाल्यानेही सरकायचे, तो वळला की यानेही वळायचे. गुजरातच्या भवाईत मशालवाला नटाच्या तोंडाशी उजेड धरी. आमच्या शेजारच्या कानडी मुलखात यक्षगानाच्या दोन्ही अंगांना दिवट्या असत, आणि त्यांना तिकडे ‘दीवटिगे’च म्हणतात. शब्दसुद्धा एकच! आज नाटकात एका नटावर झोत ठेवून फिरवणारे यंत्र असते. ते काम तेव्हा एक जिवंत माणूस करी, आणि त्याला सबंध वग पाठ असावा लागे.

वाऱ्याने दिवटी विझत नाही, उलट भडकते. हे तिचे बळ आणि हाच तिचा धोका. ठिणगी उडून लुगड्याचा पदर पेटू नये, तेल पायाशी सांडू नये, वाऱ्याची दिशा फिरली की आपणही फिरावे, हे सारे दिवटीवाल्याच्या डोळ्यांत असे. पावसावर मात्र त्याच्याकडे इलाज नव्हता. तो इलाज पंचांगाने केला होता. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि अक्षयतृतीयेच्या सुमारास घरी परततात. मधले चार महिने पावसाचे. रंगमंचावर छप्पर घालण्याऐवजी आमच्या लोकांनी वर्षावरच छप्पर घातले! तरी चैत्र-वैशाखातला वळीव उरतोच. तो पंचांग विचारून येत नाही.

वाऱ्याला खरा तोडगा निघाला तो कंदिलाने. अमेरिकेत १८७०च्या आसपास जॉन अर्विनने कंदिलाच्या दोन्ही बाजूंना पोकळ नळ्या घातल्या. वरून घेतलेली ताजी हवा त्या नळ्यांतून खाली वातीपाशी जाते. वाऱ्याचा झोत आला तर दाब वरच्या तोंडावर आणि नळ्यांवर सारखाच पडतो, म्हणून ज्योत डगमगते पण विझत नाही. आपल्याकडे कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि त्यातून पुढे ‘प्रभाकर’ कंदील निघाला. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या खेड्यांत क्वचितच एखादे घर या कंदिलावाचून राहिले असेल. पण कंदिलाचा उजेड वाचण्यापुरता, गोठ्यात जाण्यापुरता. हजार माणसांना नाचीचा चेहरा दाखवण्याची त्याची ताकद नव्हती.

ती ताकद गॅसबत्तीने आणली. व्हिएन्नाच्या कार्ल आवर या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली मँटलची कल्पना पेटंट केली: क्षारांत भिजवलेली सुती जाळी जाळून टाकायची, आणि मागे राहिलेला राखेचा सांगाडा ज्योतीत ठेवला की तो पांढराशुभ्र तळपतो. १८९१ साली त्याला नेमके मिश्रण सापडले, ९९ भाग थोरियम आणि १ भाग सेरियम यांच्या क्षारांचे. याच सुमारास आर्थर किटसन या इंग्रजाने रॉकेलची दाबाखाली वाफ करून ती मँटलवर जाळण्याची युक्ती काढली. हेच दिवे पुढे दीपगृहांत गेले, आणि आमच्या नाटकमंडळ्यांच्या मांडवांतही ‘किटसन’ या नावाने लखलखले. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्याने हातात धरता येईल अशी बत्ती केली, ती पेट्रोमॅक्स. नावातला ‘मॅक्स’ तो हाच. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले, आणि मग साऱ्या जगाच्या मँटलसाठी लागणारे थोरियम केरळच्या किनाऱ्यावरून जाऊ लागले. आमच्या जत्रेतली बत्ती जर्मन म्हणून मिरवत होती, पण तिच्या उजेडाचा जीव इथल्याच वाळूतला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आता ही बत्ती सांभाळायची कशी? आधी वाटीत स्पिरिट पेटवून नळी तापवायची. घाई केली तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल उसळते आणि बत्ती भडकते. मग पंप मारायचा, अधूनमधून पुन्हा मारायचा. निपल तुंबले तर पिन फिरवायची. मँटल म्हणजे निव्वळ राख. धक्का लागला की गळून पडते, म्हणून बत्तीवाला डोक्यावर बत्ती घेऊन चालला तरी पाण्याने भरलेली घागर नेल्यासारखा चाले. पाखरे काचेवर थडकत आणि तळाशी त्यांचा खच पडे. आणि पावसाचा एक थेंब तापल्या काचेवर पडला की ताडकन तडा.

माझे वडील एका जत्रेची हकीगत सांगत. वग ऐन रंगात आला होता आणि वळवाचे टपोरे थेंब सुरू झाले. चारांपैकी दोन बत्त्यांच्या काचा गेल्या. आबांनी घोंगडे घेतले आणि दोघा माणसांसह उरलेल्या बत्त्यांवर, आच लागणार नाही एवढ्या उंचीवर, दोन्ही हातांनी ताणून धरले. सर ओसरेपर्यंत ते तसेच उभे होते. फड थांबला नाही आणि माणसेही उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी गावच्या पाटलांनी फुटक्या काचांचे पैसे देऊ केले, तर आबा म्हणाले, “काचंचं द्या, घोंगड्याचं न्हाई.”

कोल्हापूर शहरात या सुमारास निराळाच प्रयोग झाला होता. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे पुरातन आखाडे पाहिले. परतल्यावर त्यांनी खासबागेत कुस्त्यांचे गोल, उतरत्या बैठकीचे मैदान उभारले. ते १९१२ साली पुरे झाले. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झाले. हेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. एकाच्या पाठीला दुसऱ्याची पाठ: इकडे छपराखालचे संगीत नाटक, तिकडे मोकळ्या आभाळाखालची तांबडी माती आणि तिच्या बाजूला उघडा मंच. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ सालीच विजेचे दिवे आले होते, पण त्यांना भिंती होत्या. छपराखाली दिव्याची चिंता शोभेची, उघड्यावर जिवाची. कोल्हापुरात या दोन्ही चिंता एकाच भिंतीच्या दोन अंगांना नांदत आल्या.

विजेच्या दिव्याने घराबाहेर काय करता येते, हेही आधी कोल्हापूरकरांनीच ओळखले. बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ या १९२३च्या मूकपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्या चित्रपटात असे प्रथमच घडले. खेड्यांत मात्र वीज पोचायला फार वर्षे गेली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले तेच १९६० साली. फडांच्या कनातींत मग जनरेटर आले, हॅलोजनचे फोकस आले, ‘पार’ दिव्यांच्या रांगा आल्या. १९८५ साली बाबासाहेब पुरंदऱ्यांचे ‘जाणता राजा’ हत्तीघोड्यांसह मैदानात उभे राहिले, तेव्हा नाट्यगृहाएवढा नव्हे तर सबंध किल्ल्याएवढा मंच उजळणे आले. उजेड शेकडो पटींनी वाढला. पण दिव्याजवळचा माणूस मात्र दूर गेला. तो दोनशे फुटांवर एका बोर्डासमोर बसू लागला.

आता ती हकीगत. दहा-बारा वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथल्या स्नेहसंमेलनाचे दिवे माझ्याकडे होते. मंच मैदानावर, वर आभाळ. मी दुकानातून ‘पाण्यात चालणारे’ म्हणून चार फोकस पसंत करून आणले आणि पैसे वाचवल्याची शेखी मिरवली. लाइटवाला तारा ओढताना म्हणाला, “गुरुजी, दिवा पाण्याचा हाय, पन जोड पाण्याचा न्हाई.” मी म्हणालो, “अरे, डिसेंबरात कुठला पाऊस?” आणि डिसेंबरातच अवकाळी सर आली, दहा मिनिटांची. ती थांबल्यावर मुलांच्या हट्टाला बळी पडून मी कार्यक्रम पुन्हा सुरू केला. नुसत्या टेपने गुंडाळलेला एक जोड गवतातल्या पाण्यात पडला होता. मावळ्याच्या वेशातला, अनवाणी पायांचा सहावीतला एक मुलगा दिव्याच्या लोखंडी पाइपला टेकला आणि फेकला गेला. दैव बलवत्तर म्हणून वाचला. त्याचा हात दोन दिवस बधिर होता. त्याचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. दिव्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९७६ पासूनची. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘२०’ म्हणजे घरात ठेवायचा दिवा, पाण्याशी त्याचे काही नाते नाही. ‘६५’ म्हणजे धूळ आत शिरणार नाही आणि नळीने पाण्याचा झोत मारला तरी चालेल. उघड्या मंचाला हा हवा. आमच्याकडे पहिला आकडा कुणी बघत नाही. पण मैदानाची माती आणि पाखरे यांना पावसाइतकेच भ्यावे. आणि हा आकडा फक्त दिव्याच्या पेटीचा असतो. तारेच्या जोडाला, थ्री-पिनला, बोर्डाला तो लागू होत नाही. माझी चूक नेमकी इथे झाली. जोड जमिनीवर नको, उंचावर आणि झाकणाच्या डब्यात हवा. तार दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ सोडावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. पाइपला अर्थिंग हवे, आणि बोर्डात तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच हवा. त्या दिवशी तो असता, तर झटका बसताच वीज तुटली असती.

शिवाय बंद पेटीचा दिवा म्हणजे देखभाल संपली, अशी एक समजूत आहे. ती फसवी आहे. पेटीच्या कडेचे रबर उन्हाने कडक होते, त्याला चिरा जातात. दिवा तापतो आणि पहाटेच्या दवात निवतो, तशी आतली हवा फुगते आणि आकसते. आकसताना चिरेतून दमट हवा ओढून घेते. मग काचेच्या आतल्या अंगाला घाम दिसू लागतो. तो दिसला की तो दिवा मंचावर चढवू नये, मग त्यावर आकडा काहीही लिहिलेला असो. एलईडीच्या पाठीवरच्या पात्यांत धूळ बसली तर उष्णता बाहेर पडत नाही आणि दिवा अकाली मरतो.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. लाकडी छत आत कोसळले तेव्हा ज्वाळा एकदम उंच गेल्या आणि मैदानाची सारी गोल बैठक लखलखीत उजळली. तिथे कधी एवढा उजेड पाहिल्याचे मला आठवत नाही. भोवतालची वयस्क माणसे घरचे कुणी गेल्यासारखी रडत होती. दगडी दर्शनी भिंत उरली. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले. आगीच्या कारणांच्या वादात मी शिरत नाही. मला त्या रात्री राहून राहून आबांचे घोंगडे आठवत होते.

आमच्या शाळेचा मंच अजून उघडाच आहे. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की मी आणि तोच लाइटवाला माळ्यावरून आठही दिवे खाली उतरवतो, पेट्या उघडतो, रबरावर बोट फिरवतो. यंदा दोन दिव्यांना आतून घाम आला होता. ते बाजूला काढले. संमेलनाच्या रात्री दर दिव्यापाशी एक मोठा माणूस उभा असतो. लोक विचारतात, हा इथे कशाला? यंदा सहा दिवे, म्हणून सहा माणसे लागतील. पाच मिळाली आहेत, सहावा मी.