फॅन बेल्टचं किंचाळणं

या शनिवारी विषय आहे एका आवाजाचा. पावसाळ्यात सकाळी सकाळी महाड किंवा पोलादपूरच्या स्टँडजवळ उभं राहिलं की हमखास ऐकू येतो. एखादी व्हॅन सुरू होते आणि आतून कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखं "कीऽऽऽ" ओरडतं. ड्रायव्हर शांतपणे म्हणतो, "काय नाय, बेल्ट ओला झालाय." दहा-वीस सेकंदांत आवाज बंद. बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं. पण "बहुतेक वेळा" वर विसंबून घाट चढायचा का, हा खरा प्रश्न आहे.

आधी थोडा इतिहास. पट्टा ही चीज आपल्याकडे मोटारीबरोबर आली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एका लांब शाफ्टवरून शेकडो यंत्रं पट्ट्यांवर आणि दोरांवर फिरायची. खेडोपाडी पट्टा पोचला तो ऑइल इंजिनामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि या इंजिनांवर पिठाच्या गिरण्या, भाताच्या गिरण्या, उसाचे चरक चालू लागले. पिठाच्या गिरणीत लांबलचक सपाट पट्टा फटफट करत फिरताना तुम्ही पाहिला असेलच. तो घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ घासायचा. म्हणजे पट्टा घसरणे हा आजार जुना, आणि लक्षण सोडून नुसता आवाज दाबणे हा उपायही तितकाच जुना :)

पट्टा का घसरतो? मेकॅनिकल करून आयटीत शिरलेल्या माझ्यासारख्यांना ऑयलरचं समीकरण पुसटसं आठवत असेल. पट्ट्याच्या ताणलेल्या आणि सैल बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर दोन गोष्टींवर ठरतं, घर्षण आणि पट्टा पुलीला किती गुंडाळला आहे तो कोन. गाडी सुरू केल्यावर लगेच अल्टरनेटर बॅटरी भरायला लागतो, म्हणजे पट्ट्यावर भार जास्त. त्यात पाण्यामुळे घर्षण कमी. पट्टा घसरतो, किंचाळतो, गरम होऊन वाळतो, गप्प होतो. सकाळच्या ओरडण्याचं गणित एवढंच.

सपाट पट्ट्याच्या घसरण्यावर तोडगा म्हणून खाचेत पाचरीसारखा बसणारा पट्टा आला. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्सने १९१७ साली रबर आणि कापडाचा व्ही-बेल्ट बनवला. पाचर खाचेत रुतते, त्यामुळे तेवढ्याच ताणात जास्त पकड मिळते. मोटारीत हा पट्टा पंखा फिरवायचा म्हणून त्याचं नाव पडलं फॅन बेल्ट. पुढे बऱ्याच गाड्यांत पंखा विजेवर गेला, पण आपल्या गॅरेजमध्ये नाव तेच राहिलं.

आपल्या रस्त्यांवर हा बेल्ट घरोघरी पोचवला तो टेम्पोने. बजाज टेम्पो ही फिरोदियांची कंपनी १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने सुरू झाली. तीनचाकी हॅन्सियाट, मग १९६९ ची मॅटॅडोर, १९८७ ची ट्रॅव्हलर, आणि आपल्या रायगडाची लाडकी मिनीडोर. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, तरी मराठीत कुठल्याही मालाच्या गाडीला टेम्पोच म्हणतात. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, तीच पुढची ओम्नी, २०१९ पर्यंत बनत होती. या सगळ्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी नाहीतर सीटखाली. त्यामुळे बेल्टचा आवाज आधी माणसांना ऐकू येतो, मग मिस्त्रीला.

जुन्या गाडीत बेल्ट सैल झाला की मिस्त्री अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा, टॉमी लावून तो मागे ढकलायचा आणि बोल्ट परत आवळायचा. पाच मिनिटांचं काम. बेल्ट तुटलाच तर दोरी किंवा नायलॉनचा मोजा बांधून पुढच्या गावापर्यंत रेटायचे. मग १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून एकच लांब, चपटा, बारीक शिरांचा बेल्ट सगळ्या पुल्यांवरून सापासारखा फिरवायची पद्धत रुळली. ताण धरायला स्प्रिंगचा टेन्शनर. सोय झाली, पण प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर सगळं एकाच सर्व्हरवर ठेवलं. तो बंद पडला की वॉटर पंप, अल्टरनेटर, एसी, स्टिअरिंग, जे जे त्यावर असेल ते सगळं एकदम बंद.

आता पोलादपूरच्या फाट्यावर या. सरळ गेलात तर कशेडी, डावीकडे आंबेनळी घाट. चाळीसेक किलोमीटरमध्ये महाबळेश्वर, म्हणजे साधारण १३०० मीटरचा चढ. चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रेडिएटरला वारा लागत नाही, इंजिन तापतं. तेव्हा वॉटर पंप थांबला तर काही मिनिटांत हेड गॅस्केट जाऊ शकतं. उतरताना गोष्ट आणखी गंभीर. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. बेल्ट गेला की दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. वळणावर हे समजू नये, एवढंच.

म्हणून आवाज ओळखायला शिका. इंजिन चालू ठेवून, हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवून, बेल्टच्या शिरांवर थोडं पाणी शिंपडा. आवाज वाढला तर ताण कमी आहे, म्हणजे बेल्ट किंवा टेन्शनर थकलाय. चिमणीसारखी चिवचिव क्षणभर थांबून परत सुरू झाली तर पुल्या एका रेषेत नाहीत. घरघर असेल तर बेअरिंग. इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि एकेक पुली हाताने फिरवा, खरखरणारी लगेच सापडते. इंजिन चालू असताना टेन्शनरचा दांडा थरथरत असेल तर त्याची स्प्रिंग संपली.

आणखी एक. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना जुन्यासारख्या भेगा पडत नाहीत, टायरसारखे ते झिजतात. "भेग नाय, चांगला हाय" हा निकष त्यामुळे जुना झाला. बेल्ट बदलताना टेन्शनर तपासा, खराब असेल तर सोबतच बदला. नाहीतर नवा बेल्ट महिन्याभरात तेच गाणं गाईल. आणि बेल्टवर स्प्रे मारून आवाज घालवणं म्हणजे गिरणीवाल्याची राळच. कंपायलरची वॉर्निंग लपवली म्हणून बग जात नाही.

असो. ओला बेल्ट वाळला की गप्प होतो. वाळल्यावरही जो ओरडतो, त्याचं ऐकायचं पोलादपूरलाच, घाट सुरू व्हायच्या आधी.