लसींचे प्रकार आणि भारतातून आणलेले लसीकरणाचे कार्ड

कॅलिफोर्नियातील डब्लिन येथे शाळाप्रवेशाच्या वेळी भारतातून आलेल्या पालकांना एक प्रश्न हमखास पडतो: कार्डावर सर्व नोंदी असूनही मुलाला काही लसी पुन्हा का घ्याव्या लागतात? याचे उत्तर बव्हंशी लसींच्या प्रकारांत दडलेले आहे.

गोवर-रुबेलाची लस जिवंत, परंतु क्षीण केलेल्या विषाणूंची असते. हे विषाणू शरीरात मर्यादित प्रमाणात वाढतात. त्यांच्या प्रतिकारार्थ पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात आणि काही पेशी त्या विषाणूची ओळख दीर्घकाळ जपतात. मात्र मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात व लसीतील विषाणूला वाढण्यापूर्वीच निष्प्रभ करू शकतात. भारतात तान्ह्या वयातच गोवराचा धोका असल्याने पहिली मात्रा नवव्या महिन्यात देतात. कॅलिफोर्नियातील शाळा मात्र पहिल्या वाढदिवशी वा त्यानंतर दिलेल्या मात्राच ग्राह्य धरतात. शिवाय त्यांत गालगुंडाची लसही लागते. नवव्या महिन्यातील मात्रा म्हणून वाया गेली असे नव्हे. तिने त्या वयातले संरक्षण दिलेले असते.

पोलिओचे थेंब जिवंत विषाणूंचे, तर इंजेक्शन मृत विषाणूंचे. अमेरिकेत 2000 पासून केवळ इंजेक्शन वापरतात. एप्रिल 2016 मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला; त्यानंतरचे थेंब अमेरिकेत मोजले जात नाहीत. मृत जंतूंची लस मुंबईला नवी नाही: 1897 मध्ये हाफकिन यांनी प्लेगची अशीच लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती.

धनुर्वाताच्या लसीत जंतू नसतोच, त्याचे निर्विष केलेले विष असते. तिचा प्रभाव ओसरतो, म्हणून प्रौढांनाही दर दहा वर्षांनी मात्रा लागते. पुण्यात तयार झालेली कोविशिल्ड निरुपद्रवी वाहक विषाणूद्वारे, तर फायझरची लस एमआरएनएद्वारे, करोना विषाणूचे एक प्रथिन बनवण्याचा आदेश पेशींना देते.

राहिली दंडावर व्रण ठेवणारी बीसीजी. तिच्यामुळे क्षयरोगाची त्वचाचाचणी रोगसंसर्ग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. अशा वेळी इग्रा ही रक्तचाचणी मागावी. तीत वापरलेली प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात. त्यामुळे ही चाचणी सकारात्मक आली, तर ‘लहानपणी बीसीजी घेतली होती’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांकडून पुढील तपासणी करून घ्यावी.