ट्रायटन : कुठल्याच कंपनीने न बनवलेली गाडी

नवीन मोटरसायकल घेतली की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. घरच्यांचा पक्ष म्हणतो, कंपनीने डोकं लावून बनवलीये ना, मग तू कशाला हात लावतोस? मित्रांचा पक्ष म्हणतो, हँडल बदल, सायलेन्सर बदल, मागचं मडगार्ड काढून टाक. गेले दोन महिने मी या दोन पक्षांच्या मधे लोंबकळतोय. निमित्त आहे क्लिप-ऑन हँडलचं. (क्लिप-ऑन म्हणजे एका सलग नळीऐवजी पुढच्या शॉकच्या दोन पायांवर वेगवेगळे आवळलेले दोन छोटे दांडे. माणूस पुढे वाकतो, गाडी रेसिंगची दिसते आणि मनगटं दुखतात.)

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते. दुसऱ्याचा कोड बदलण्याआधी तो तसा का लिहिला होता हे बघायचं. म्हणून हे हँडल मुळात कुणी आणि कशासाठी खाली आणलं हे शोधायला बसलो, आणि थेट १९५० च्या दशकातल्या इंग्लंडात पोचलो. तिथली गोष्ट दिसण्यापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते एका तक्रारीपासून.

त्या काळचं चित्र असं. युद्ध संपलेलं, १९५० साली पेट्रोलचं रेशनिंगही संपलेलं. कारखान्यांत कामं भरपूर, विशीच्या आतल्या पोराच्या हातातही पगार खुळखुळतोय आणि गाडी हप्त्यावर मिळतेय. शिवाय यातली बरीच पोरं स्वतःच वर्कशॉपमधे उमेदवारी करणारी. लेथ, ड्रिल, वेल्डिंग हे त्यांचं रोजचं काम. १९५९ च्या ऑगस्टमधे मिनी ही पाचशे पौंडांच्या आतली चारचाकी आली आणि बायकापोरांसाठी साइडकार जोडून मोटरसायकल चालवणारा संसारी माणूस हळूहळू तिकडे वळला. मोटरसायकलपाशी उरली ती मुख्यतः तरुण मंडळी. त्यांना ऑफिसला पोचायचं नव्हतं, त्यांना 'टन' गाठायचा होता. टन म्हणजे ताशी १०० मैल, आपल्या भाषेत १६० किलोमीटर.

अडचण काय होती? त्या काळचं सगळ्यात लाडकं इंजिन ट्रायम्फचं. एडवर्ड टर्नरने १९३७ साली स्पीड ट्विन नावाची ५०० सीसीची गाडी आणली. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, आटोपशीर, हलकं आणि ट्यूनिंगला भरपूर वाव. त्याच वंशातली ६५० सीसीची बोनव्हिल १९५९ च्या हंगामासाठी आली, जोडीने दोन कार्बोरेटर लावलेली. नाव पडलं अमेरिकेतल्या युटामधल्या मिठाच्या मैदानावरून, जिथे १९५६ साली जॉनी ॲलनने ट्रायम्फचं इंजिन बसवलेलं एक निमुळतं यंत्र ताशी २१४ मैलांनी पळवलं होतं. इंजिन असं जोरदार, पण ज्या फ्रेममधे ते बसायचं ती जोरात वळणावर घातली की डुलायला लागायची.

आणि सगळ्यात चांगली फ्रेम होती नॉर्टनची. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी तयार केलेली ही फ्रेम १९५० साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरली आणि पहिल्याच वर्षी सीनियर गटात पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने नेले. जेफ ड्यूक पहिला. हॅरल्ड डॅनियल हा नॉर्टनचा रेसर ती चालवून आल्यावर म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, आणि 'फेदरबेड' हे नाव तिला कायमचं चिकटलं.

म्हणजे बघा, एकाकडे इंजिन, दुसऱ्याकडे फ्रेम. ट्रायम्फचा कारखाना मेरिडनला, नॉर्टनचा बर्मिंगहॅममधे; मधलं अंतर पुणे-चाकणपेक्षाही कमी. पण ट्रायम्फ होती बीएसएच्या मालकीची आणि नॉर्टन दुसऱ्याच समूहाची. या दोन वस्तू कंपन्या स्वतःहून एकत्र आणतील ही शक्यता शून्य. जे काम दोन बोर्डरूम करू शकत नव्हत्या ते पोरांनी घरामागच्या शेडमधे केलं. ट्रायम्फमधला 'ट्राय' आणि नॉर्टनमधला 'टन' घेऊन गाडीचं नाव पडलं ट्रायटन.

यात मदत झाली ती एका विचित्र योगायोगाची. तेव्हा ५०० सीसी इंजिनाच्या छोट्या रेसिंग कारची फॉर्म्युला थ्री शर्यत जोरात होती आणि तिथे नॉर्टनच्या मँक्स या रेसिंग मोटरसायकलच्या इंजिनाला फार मागणी. पण नॉर्टन नुसतं इंजिन विकत नसे. मग कारवाले काय करायचे, पूर्ण मोटरसायकल विकत घ्यायची, इंजिन काढायचं आणि उरलेला सांगाडा विकून टाकायचा. फ्रेम, चाकं, ब्रेक सगळं जागेवर, फक्त मधे भोक! त्या भोकात आपलं इंजिन बसवायची कल्पना कुणाला सुचणार नाही?

बसवणं मात्र सोपं नव्हतं. तेव्हाच्या ट्रायम्फमधे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असत (१९६३ पासून ६५० सीसीत दोन्ही एकाच खोक्यात आले), त्यामुळे इंजिन कुठे आणि गिअरबॉक्स कुठे हे ठरवायला जागा मिळायची. ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापून त्याच्या प्लेट बनवायच्या, त्यात मोजून भोकं पाडायची आणि दोन परक्या वस्तू एकमेकींना जोडायच्या. इंजिन पुढे घेतलं तर पुढचं चाक रस्त्याला नीट दाबून राहतं, मागे गेलं तर हलकं पडतं. मागच्या चाकाची चेन एका रेषेत आली नाही तर स्प्रॉकेट खाल्लं जातं. दोन वेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल्स जोडताना खरं काम मधल्या इंटरफेसमधे असतं, हे ज्याने एकदा तरी इंटिग्रेशनचं काम केलंय त्याला वेगळं सांगायला नको. :-)

आता येतो माझ्या हँडलकडे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. म्हणजे ९० मैलांवरून १०० वर जायचं तर वेग वाढतो ११ टक्के, पण ताकद लागते साधारण ३७ टक्के जास्त. शेडमधे बसून इंजिनातून ३७ टक्के कुठून आणणार? त्यापेक्षा स्वतः वाका. छाती टाकीवर टेकवली की हवेला अडवणारा आडोसा लहान होतो, आणि तेही जवळजवळ फुकटात. म्हणून हँडल खाली आलं. हँडल खाली आलं म्हणून पाय मागे न्यावे लागले, म्हणजे फुटरेस्ट मागे गेले. अंग मागे सरकलं म्हणून सीटला मागे उंचवटा आला आणि हातांना जागा हवी म्हणून टाकी लांब, दोन्ही बाजूंना खळगे असलेली झाली. आज ज्याला आपण 'स्टाइल' म्हणतो ती पूर्वी एकामागून एक आलेल्या गरजांची साखळी होती.

या सगळ्यांचा अड्डा म्हणजे लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे. १९३८ साली ट्रकवाल्यांसाठी सुरू झालेला, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पडलेला, १९४९ साली पुन्हा उभा राहिलेला. रात्रभर उघडा, चहा स्वस्त. म्हणजे आपलं अमृततुल्यच, फक्त बाहेर बोनव्हिल आणि गोल्ड स्टार उभ्या. 'कॅफे रेसर' ही मुळात शिवी होती. खऱ्या ट्रॅकवर उतरायची हिंमत नाही, एका चहाच्या टपरीवरून दुसऱ्या टपरीपर्यंतच पळवतात, असा टोमणा. आपण 'कट्ट्यावरचे रेसर' म्हणू तसं. ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत ठरलेला फेरा मारून परत यायचं, ही दंतकथाही तिथलीच. खरी किती आणि तिखटमीठ किती कोण जाणे.

पण मेलेली पोरं दंतकथा नव्हती. ड्रम ब्रेक, अरुंद टायर, ओला रस्ता आणि डोक्यावर बहुधा काहीच नाही. ब्रिटनमधे हेल्मेटची सक्ती आली ती १९७३ साली. नोव्हेंबर १९५९ मधे एम-१ मोटरवे उघडला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मधे आली. वर्तमानपत्रांनी या पोरांना गुंड ठरवलं, आणि १९६४ साली ब्रायटन, मार्गेटच्या किनाऱ्यांवर मॉड्स आणि रॉकर्स यांच्यात मारामाऱ्या झाल्या तेव्हा तर आयतंच कोलीत मिळालं. अशा वेळी बिल शेरगोल्ड नावाचा एक पाद्री स्वतःच्या मोटरसायकलवरून एस कॅफेत आमंत्रण द्यायला गेला, आणि १९६२ साली पूर्व लंडनच्या हॅकनी विकमधे '५९ क्लब'ची मोटरसायकल शाखा सुरू झाली. पोरांना गाड्या सोडा असं तो म्हणाला नाही. त्याने बसायला जागा दिली. मला या अख्ख्या इतिहासातला हा माणूस सगळ्यात शहाणा वाटतो.

मग शेडमधल्या उचापतींचा धंदा झाला. पॉल डन्स्टॉलने सायलेन्सर, टाक्या, फुटरेस्ट यांचा कॅटलॉग काढला. डेव्ह डिगन्सने आपल्या ड्रेस्डा या दुकानातून ट्रायटन बांधून विकल्या आणि १९६५ साली रेक्स बुचरच्या जोडीने बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत ट्रायटनवर जिंकली. म्हणजे कुठल्याच कंपनीने न बनवलेल्या गाडीने कंपन्यांना चोवीस तास पळवून हरवलं! डेरेक आणि डॉन रिकमन या भावांनी स्वतःच फ्रेम बनवायला घेतल्या आणि नाव ठेवलं 'मेटिस', फ्रेंचमधे त्याचा अर्थ संकरित. 'कट्ट्यावरचे' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद व्हायला एवढं पुरे होतं.

कंपन्यांनी यातून काय घेतलं? अगदीच काही नाही असं नाही. नॉर्टनने १९६२ च्या सुमारास फेदरबेडमधे स्वतःचं ६५० सीसी इंजिन घातलं आणि ती गाडी उत्तम होती. पण पोरं ट्रायटन बांधतच राहिली, कारण आता ट्रायटन असणं हीच आवड झाली होती. रॉयल एनफिल्डने १९६४ साली पोरांची यादीच कारखान्यात नेली. शिकाऊ चालकांवर तेव्हा २५० सीसीची मर्यादा आलेली होती, म्हणून इंजिन २५० चं. बाकी क्लिप-ऑन, लांब लाल टाकी, पाच गिअर सगळं कंपनी फिटेड. नाव काँटिनेंटल जीटी. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून इंग्लंडच्या नैऋत्य टोकापर्यंत, आळीपाळीने चालक बदलत, चोवीस तासांच्या आत पळवून तिची जाहिरात केली.

पण हे सगळं कपड्यांवरचं काम. खालची यंत्रं जुनीच, गळकं तेल आणि हात बधिर करणारी थरथर तशीच. १९६९ साली होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबून सुरू, आणि खाली तेलाचा डाग नाही. दहा वर्षं ही पोरं स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या हातांनी कंपन्यांना सांगत होती की ब्रेक कमी पडतात, फ्रेम डुलते, इंजिन थरथरतं. इतका सविस्तर बग रिपोर्ट जगात कुणाला फुकट मिळाला नसेल. तो वाचला मात्र दुसऱ्यांनी. एस कॅफे १९६९ सालीच बंद पडला, एनफिल्डचा इंग्लंडातला कारभार १९७० साली संपला, मेरिडनचा कारखाना १९८३ साली.

शेवटचा धागा मात्र आपल्याकडे येतो. एनफिल्डचं एक रोप १९५५ साली मद्रासला लागलेलं होतं. ते जगलं. २०१३ साली त्याच रॉयल एनफिल्डने काँटिनेंटल जीटी हे नाव पुन्हा आणलं, आणि तिची फ्रेम इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सबरोबर तयार केली. हे हॅरिस म्हणजे १९७२ पासून लोकांच्या जपानी इंजिनांना चांगल्या फ्रेम बनवून देणारं वर्कशॉप, ट्रायटनवाल्यांची पुढची पिढी. २०१५ साली भारतीय कंपनीने ते वर्कशॉपच विकत घेतलं आणि २०१८ साली दोन सिलिंडरची ६५० सीसी जीटी विक्रीला आली. चांगलं इंजिन आणि चांगली फ्रेम एकाच छपराखाली यायला साठेक वर्षं आणि अर्धी पृथ्वी लागली.

आणि आज कुणी पुण्यात ट्रायटन बांधायची म्हटली तर? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. शेडमधलं वेल्डिंग ताशी १०० मैलांना सुटलं तर मरणारा फक्त चालवणारा नसतो, त्यामुळे हा कायदा मला वेडेपणाचा वाटत नाही. पण कायदा पाळायचा म्हणजे कंपनीला प्रश्न विचारणं सोडायचं असं नाही.

असो. माझ्या क्लिप-ऑनचं काय? मी रोज बाणेरहून हिंजवडीला ताशी तीस किलोमीटरने जातो. त्या वेगाला हवा मला अडवत नाही, सिग्नल अडवतो. त्या पोरांनी हँडल खाली आणलं कारण त्यांच्याकडे एक खरी तक्रार होती. माझी खरी तक्रार तपासली तर ती निघते खड्ड्यांत आपटणाऱ्या मागच्या शॉकबद्दल आणि अंधारात कमी पडणाऱ्या हेडलाइटबद्दल. तेव्हा हँडलचे पैसे तूर्त बाजूला ठेवलेत. कंपनीला दोन्ही तक्रारी रीतसर लिहून पाठवल्यात, आणि पुढच्या शनिवारी मेकॅनिककडे जाऊन नियमात बसणारं काय करता येईल ते विचारणार आहे.

तुम्ही तुमच्या गाडीत काय बदललंत, आणि मुख्य म्हणजे का, ते जरूर कळवा.