प्राणिजन्य मलापासून वीज : सूक्ष्मजैविक इंधनघटाच्या इतिहासाचे पुनरवलोकन

जनावरांच्या मलमूत्रापासून ऊर्जा मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. गोबर गॅसच्या मार्गात हवाबंद टाकीत मिथेन तयार होतो व तो जाळावा लागतो. सूक्ष्मजैविक इंधनघटात मात्र जाळण्याचा टप्पाच नसतो. सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जिवाणू जे इलेक्ट्रॉन मुक्त करतात, ते एका विद्युत्-अग्रावर गोळा होऊन तारेवाटे दुसऱ्या अग्राकडे जातात आणि तेथे ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो.

हा दुसरा मार्ग एकविसाव्या शतकाची देणगी मानला जातो. तो समज इतिहासाला धरून नाही. इ. स. १९११ मध्ये एम. सी. पॉटर या वनस्पतिशास्त्राच्या ब्रिटिश प्राध्यापकांनी यीस्ट व जिवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमची अग्रे बुडवून ०.३ ते ०.५ व्होल्ट विद्युत्‌दाब मिळविला होता. पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकसरीत जोडून ३५ व्होल्टपर्यंत मजल मारली. प्रवाह मात्र अवघा २ मिलिअँपिअर, म्हणजे शक्ती ०.०७ वॅट! दाब दिसावा आणि शक्ती हाती लागू नये, ही अडचण या घटाला पुढेही सुटली नाही.

१९६० च्या दशकात अंतराळयानातील मानवी मलाच्या विनियोगासाठी ‘नासा’ने या विषयात रस घेतला. १९८० च्या दशकात लंडनमध्ये बेनेट्टो यांनी इलेक्ट्रॉन वाहून नेणारी मध्यस्थ रसायने वापरली. १९९९ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी काही जिवाणूंना अशा मध्यस्थाची गरजच नसते असे दाखविले, आणि त्यामुळे सांडपाण्यासारख्या स्वस्त द्रव्यावर घट चालविण्याची वाट मोकळी झाली.

प्राणिजन्य मलाच्या दृष्टीने २००५ सालचा, अमेरिकेतील ब्रूस लोगन व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. वराहपालनातील सांडपाण्यापासून त्यांना अग्राच्या दर चौरस मीटरला २६१ मिलिवॅट शक्ती मिळाली. घरगुती सांडपाण्यापासून त्याच घटात १४६ मिलिवॅट मिळाली होती. तरीही या हिशेबाने ५ वॅटचा एक दिवा लावण्यास सुमारे १९ चौरस मीटर अग्र लागेल. त्याच प्रयोगात अमोनियाचे प्रमाण ८३ टक्क्यांनी घटले आणि हे शुद्धीकरणाचे यश मानले गेले. मात्र त्याच गटाच्या २००८ मधील अभ्यासात हा अमोनिया प्रामुख्याने हवेत उडून गेल्याचे आढळले.

भारतीय शेतीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथे आहे. वीजनिर्मितीच्या कौतुकात तो सहसा दुर्लक्षित राहतो. हवेत गेलेला अमोनिया म्हणजे शेताला न मिळालेले नत्र. वराहपालनाच्या मोठ्या उद्योगाला नत्र ही विल्हेवाटीची समस्या वाटते. जिराईत शेतकऱ्याला तेच खत असते. जशभाई पटेल यांनी तयार केलेले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने गावोगावी नेलेले गोबर गॅस संयंत्र गॅस देऊनही नत्र मळीत बरेचसे टिकवून ठेवते. अर्थात मळी उन्हात पसरून वाळविली, तर तेथेही अमोनिया उडतोच. तेव्हा इंधनघटाची उपयुक्तता तपासताना वॅटच्या आकड्याशेजारी मळीतील नत्राचा आकडाही मांडला गेला पाहिजे.