हाडांची घनता आणि हाडांचे बळ

वयस्क स्त्रियांचे मणके दबून पाठीला बाक येणे हा वार्धक्याचाच भाग होय, अशी समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रूढ होती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये या समजुतीला छेद दिला. मणके मोडलेल्या त्यांच्या रुग्णांत पाळी गेलेल्या स्त्रियांचेच प्रमाण फार मोठे होते; त्यावरून बीजांडकोशात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अभाव हे मूळ कारण असावे, असे अनुमान त्यांनी काढले आणि ते संप्रेरक बाहेरून दिल्यास शरीरातून होणारा कॅल्शियमचा ऱ्हास कमी होतो, हेही मोजून दाखवले. मात्र इस्ट्रोजेन हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देते, हा त्यांचा तर्क पुढे मागे पडला. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तेथे नवे हाड भरतात, असा क्रम आयुष्यभर चालू असतो. इस्ट्रोजेन मुख्यतः यातील पोखरण्याच्या कामाला आवर घालते, आणि ते ओसरले की दोन्ही कामांचा वेग वाढून भरणे पोखरण्यामागे पडते.

जिवंत माणसाचे हाड मोडून त्याचे बळ अजमावता येत नसल्यामुळे या उपचाराचा परिणाम जोखायला पर्यायी मोजमापाची गरज होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये हातातून किरण पाठवून हाडातील खनिज मोजण्याची पद्धत मांडली, आणि अस्थिघनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळामागे असलेले खनिजाचे प्रमाण, हाच बळाचा निकष बनला. ग्लासगो येथे रॉबर्ट लिंडसे आणि सहकाऱ्यांनी बीजांडकोश काढलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून, इस्ट्रोजेन घेतल्यास हाडातील खनिज टिकते हे १९७६ मध्ये, तर औषध थांबताच झीज पुन्हा सुरू होते हे १९७८ मध्ये दाखवून दिले.

घनता वाढली म्हणजे बळ वाढले, या गृहीतकाची कसोटी फ्लोराइडने घेतली. पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे माणसांची हाडे दाट पण विकृत होतात, हे नेल्लोर जिल्ह्यातील रुग्णांवरून १९३७ मध्येच नोंदले गेले होते. तरीही हाडे दाट करण्याच्या याच गुणामुळे १९६० च्या दशकापासून सोडियम फ्लोराइडकडे औषध म्हणून पाहिले जाऊ लागले. मेयो क्लिनिकच्या लॉरेन्स रिग्ज यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २०२ स्त्रियांचा चार वर्षे पाठपुरावा करण्यात आला. रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही आणि इतर हाडे तर अधिकच मोडली. फ्लोराइड खनिजाच्या स्फटिकात शिरून त्याची रचना बदलते आणि नवे हाड विस्कळीत बांधले जाते. त्यामुळे यंत्रावरचा आकडा चढला तरी हाड ठिसूळच राहिले.

या धड्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मानवी चाचण्यांच्या जोडीला प्राण्यांवरील अभ्यासही सुचवले. बीजांडकोश काढलेल्या उंदरांना आणि त्याखेरीज एका मोठ्या प्राण्याला, बहुधा माकडाला, औषध देऊन त्यांच्या हाडांचे बळ प्रत्यक्ष तपासायचे, अशी ही रीत होती. त्यात मणक्याची दोन्ही टोके समांतर कापून तो धातूच्या दोन तबकड्यांमध्ये ठेवतात आणि दाब सावकाश वाढवत नेतात. मणका कोसळण्याच्या क्षणीचा भार हे त्याचे कमाल बळ, आणि तोवर त्याने शोषलेली ऊर्जा हा त्याच्या चिवटपणाचा मापदंड. मांडीचे हाड दोन टेकूंवर आडवे ठेवून मधोमध दाबून मोडले जाते.

पुढच्या औषधांनी घनता आणि बळ यांच्यातील अंतर वेगवेगळ्या बाजूंनी उघड केले. १९९५ मध्ये मान्यता मिळालेले अलेंड्रोनेट हे बिसफॉस्फोनेट गटातील औषध हाडाच्या खनिजाला चिकटून ऑस्टिओक्लास्टना निष्प्रभ करते. आधीच मणका मोडलेल्या २,०२७ स्त्रियांच्या चाचणीत नव्याने मणके मोडणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. रॅलॉक्सिफेन या औषधाने तर फ्लोराइडच्या नेमके उलट घडवले: घनता जेमतेम दोन-तीन टक्के वाढली, पण मणके मोडण्याचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी घटला, कारण पोखरण मंदावल्याने हाडाच्या आतल्या जाळीतील आधीच अशक्त झालेल्या पट्ट्यांवर नवे खड्डे पडणे कमी झाले. मात्र खुब्याच्या हाडाला त्याचे संरक्षण मिळाले नाही. पोखरणीवरील अतिनियंत्रणाची किंमतही पुढे दिसली. बिसफॉस्फोनेट दीर्घकाळ घेणाऱ्या थोड्या स्त्रियांत मांडीचे हाड फारसा आघात नसताना आडवे मोडल्याचे आढळले, कारण झिजलेला भाग काढून नवा घालण्याची क्रियाच मंदावली होती.

पोखरण थांबवणारी औषधे उरलेले हाड राखतात; जाळीतील तुटून नाहीशा झालेल्या पट्ट्या ती पुन्हा उभारू शकत नाहीत. म्हणूनच २००२ मध्ये आलेल्या, हाड बांधणाऱ्या टेरिपॅराटाइडला वेगळे महत्त्व लाभले. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत रोमोसोझुमॅब हे बांधणी वाढवणारे औषध वर्षभर देऊन नंतर अलेंड्रोनेट दिल्यास निव्वळ अलेंड्रोनेटपेक्षा हाडे कमी मोडतात, असे दिसले. परंतु त्यासोबत हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या गंभीर घटना थोड्या अधिक आढळल्याने रुग्णांची निवड जपून करावी लागते. निदानासाठी घनतेचे मोजमाप आजही अपरिहार्य आहे. औषधाचे मोल मात्र ते घेणाऱ्यांची हाडे किती कमी मोडली, यावरच ठरते.